धोमच्या पाण्यावर गळ आणि पायपीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईजवळ कृष्णेवर असलेल्या धोम धरणाच्या काठानं चालायला आणि गळ टाकायला येणारे लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी वाईचा. धरण खात्याशी किंवा कुठल्या संस्थेशी माझा संबंध नाही, काठावरच्या चार माणसांशी बोलणं-चालणं आहे एवढंच. प्रश्न लोक विचारतात त्याच क्रमानं ठेवलेत, महत्त्वाच्या क्रमानं नाहीत.

धोममध्ये ट्राउट मिळतो का?

नाही, आणि मिळणारही नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा मनालीला जाऊन आलेली मंडळी विचारतात. ट्राउट थंड, वाहत्या पाण्याचा मासा. पाणी २० अंशांच्या वर तापायला लागलं की त्याची भूक मंदावते आणि आणखी तापलं की तो जगत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. आपल्या देशात तो मुळात नव्हताच. १९०० च्या सुमारास विलायतेहून अंडी आणून काश्मीरच्या नद्यांत तो रुजवला. पुढं हिमाचलात कुलू आणि बरोटकडे, दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांत तो गेला. निलगिरीत जमलं ते दोन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीमुळं. धोमचं पाणी सातशे-साडेसातशे मीटरवर. एप्रिलात दुपारी काठाला पाय बुडवून बघा, उत्तर मिळेल. महाबळेश्वरची हवा माणसाला थंड वाटते, ट्राउटला ती पुरत नाही. तोच धरायचा असेल तर हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात जा, तिथल्या मत्स्य खात्याचा परवाना काढा आणि गळ टाका.

मग इथं कोणता मासा लागतो?

सगळ्यात जास्त चिलापी. मूळचा आफ्रिकेचा. १९५२ मध्ये भारतात आणला आणि आता तळं म्हणू नका, विहीर म्हणू नका, कॅनॉल म्हणू नका, सगळीकडे तोच. काठाजवळ राहतो आणि लहान पोरांच्या गळालाही लागतो.

त्याच्या खालोखाल कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). यातले पहिले तिघे गंगेच्या खोऱ्यातले. तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. १९५७ मध्ये कटकला हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करून दाखवली. तेव्हापासून हे बीज केंद्रात तयार होतं आणि त्यातून वाढलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आपल्याकडच्या धरणांत आणून सोडतात. एवढं लांबण का लावलं ते परवानगीच्या प्रश्नात कळेल. सायप्रिनसला या कशाचीच गरज नाही, तो काठच्या शेवाळ-गवतावर आपली अंडी चिकटवून मोकळा होतो.

आपल्या नद्यांतले मूळचे म्हणाल तर मरळ, वाम, शिंगाळा, शिवडा आणि नशीब असेल तर महसीर. हौशी माणसाच्या गळाला यातलं काहीतरी लागलंच पाहिजे असं नाही. दिवसभरात दोन चिलापी आणि मानेला ऊन, हा इथला सरासरी हिशोब धरून या.

गळानं मासे धरायला परवानगी लागते का? कुणी विचारत तर नाही ना?

विचारतात, आणि विचारायलाच हवं. धरण जलसंपदा विभागाचं आणि मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो, सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. संस्था पैसे भरून ठेका घेते, वर पदरचे पैसे घालून बोटुकली सोडते. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला हा कुणीतरी विकत आणून, दीड-दोन वर्षं वाढायला सोडलेला मासा असतो. ‘देवाचं पाणी, देवाचा मासा’ हे वाक्य काठावर मोठ्यानं म्हणू नका.

तेव्हा सकाळी आल्या आल्या नावाडी किंवा जाळी काढणारी माणसं दिसली की आधी त्यांच्याशी बोला. संस्थेचा माणूस कोण, गळाला हरकत आहे का, पैसे द्यायचे तर किती, कुठं बसायचं नाही, हे सगळं पाच मिनिटांत उरकतं. चिलापीसाठी एक काठी घेऊन बसलेल्या माणसाला सहसा कुणी हटकत नाही. पाच-पाच रॉड रोवून, घंट्या बांधून, शीतपेटी घेऊन बसलात तर मात्र तो धंदा दिसतो, आणि मग बोलणीही धंद्याची होतात. संस्था ‘नको’ म्हणाली तर नको. वाद घालून बसता येईल, पण मन लागणार नाही.

आणखी एक. पाण्यावर ओळीनं तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या तर त्या कचरा समजून ओढू नका. खाली जाळं असतं. तुमचा गळ त्यात अडकला तर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) तोडा आणि गळ सोडून द्या, जाळं ओढून फाडू नका.

जाळं किंवा पाग (फेकायचं जाळं) आणला तर?

गळ घेऊन येणारा पाहुणा आणि जाळं घेऊन येणारा चोर, अशी इथली साधी वाटणी आहे. ज्याला ठेका नाही त्यानं जाळं टाकायचं नाही. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तरी कुठं कुठं हा उद्योग चालतो. दिसला तर जवळ जाऊ नका, गावात पोलीस पाटलांना सांगा.

कोणत्या महिन्यात यावं?

याचं उत्तर महिन्यापेक्षा पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. धोमची एकूण साठवण साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट). वरच्या अंगाला बलकवडीचं धरण आहे, साधारण चार टीएमसीचं. ऑगस्ट-सप्टेंबरात धोम काठोकाठ भरतं. मग रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं सुटतात, पाणी कालव्यांनी पूर्वेच्या शेतांना जातं आणि काठ महिन्या-महिन्याला खाली सरकतो. त्यामुळं ऑक्टोबरात तुम्ही जिथं बसून गळ टाकला ती जागा मार्चमध्ये पाण्यापासून बरीच लांब, ढेकळांत असते. जुन्या फोटोवरून जागा शोधत येणाऱ्यांची म्हणूनच फजिती होते.

भरलेल्या पाण्यात मासा पांगलेला असतो. पण काठाचं गवत बुडालेलं असल्यामुळं चिलापी आणि सायप्रिनस अगदी पायाशी चरतात. डिसेंबर-जानेवारीत कृष्णेच्या खोऱ्यात गारठा चांगलाच उतरतो. मग मासा खोलात जाऊन सुस्त पडतो आणि सकाळी दहापर्यंत बोया (दोऱ्यावरची तरंगती खूण) हलत नाही. मार्चपासून पाणी आटत जातं तसा मासा कमी जागेत दाटतो आणि गळाला लागण्याचं प्रमाण वाढतं. पण तेव्हा ऊन असं असतं की सकाळी नऊनंतर माणूसच गळाला लागल्यासारखा तडफडतो. मला विचाराल तर नोव्हेंबर. पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं, डोंगर अजून हिरवे, वाट सुकलेली, आणि मासा नाही लागला तरी दिवस वाया जात नाही.

पावसाळ्यात चढणीचे मासे धरायला येऊ का?

नको. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्यांतून वर चढणारा मासा पोटात अंडी घेऊन चाललेला असतो. गावागावांत लोक काठ्या, बुट्ट्या, मच्छरदाण्या घेऊन ओढ्यात उतरतात, ही जुनी हौस आहे आणि ती मीही पाहत वाढलो. पण पूर्वी नदीत मासा होता तितका आता नाही, आणि एका मादीबरोबर हजारो अंडी कढईत जातात. शिवाय कृष्णेला वरून कधी लोंढा येईल सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर गळ खुंटीला टांगून ठेवा.

काठी कोणती? महागडा रॉड हवाच का?

चिलापीसाठी वेळूची सरळ काठी, काठीएवढंच लांब तंगूस, बारीक गळ, हरभऱ्याएवढं शिसं आणि बोया. एवढ्यात काम होतं. बोया भेंडाचा, नाहीतर जुन्या स्लिपरच्या रबराचा कापून केलेला. वाईच्या आठवडी बाजारातल्या पोरांना हे सगळं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नवख्यांना उलटं वाटतं. चिलापीचं तोंड लहान, तेव्हा १० किंवा १२ नंबर घ्या. तंगूस पाव मिलिमीटर जाडीचं पुरतं.

कटला-सायप्रिनससाठी रीळ लागतं, कारण मोठा मासा लागल्यावर त्याला तंगूस सोडावं लागतं. धरून ठेवलं तर तुटतं. तिथं ०.४० मिलिमीटरचं तंगूस आणि मजबूत गळ घ्या. रॉडच्या किमतीनं मासा लागत नाही. दुकानदार असं सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

तुटलेलं तंगूस काठावर टाकू नका. ते कुजत नाही. बगळ्याच्या पायात आणि शेळीच्या पोटात जातं. गुंडाळी करून खिशात घाला.

आमिष काय लावायचं?

मासा पाण्यात कुठल्या थराला चरतो ते कळलं की अर्धं काम झालं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं बारीक जीवजंतू गाळून खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. त्यामुळं एकच कणकेचा गोळा बोया सरकवून वर ठेवला तर एक मासा येतो, तळाला टेकवला तर दुसरा. बोया कुठं बांधायचा हा प्रश्न आमिषापेक्षा मोठा आहे, आणि तोच कुणी विचारत नाही.

बाकी आमिषं घरातलीच. कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हळद घालून घट्ट मळा, इतकी की पाण्यात पाच मिनिटं तरी गळावर राहील. पावाचा चुरा, भाताचा कोंडा मुठीनं पाण्यात टाकून मासा जागेवर आणता येतो, पण किलो-किलोनं ओतू नका, पाणी सडतं. चिलापीला गांडूळ लावा, दुसरं काही शोधू नका. शिंगाळा, वाम यांनाही गांडूळ किंवा लहान चिंगळी चालते. मरळ हलणाऱ्या आमिषावर झडप घालते.

काठाच्या उथळ पाण्यात किंवा नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतात, ते कसले?

चिलापीची घरटी. नर शेपटीनं आणि तोंडानं खळगा करतो, मादी तिथं अंडी घालते आणि मग ती अंडी स्वतःच्या तोंडात घेऊन फिरते. पिल्लं बाहेर आल्यावरही धोका वाटला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. पाणी उतरल्यावर असे खळगे ओळीनं उघडे पडतात. चालायला येणाऱ्यांनी बघण्यासारखी गोष्ट आहे, आणि ही बघायला ठेका लागत नाही.

मरळ धरायची इच्छा आहे. काही खास?

मरळ पाण्याबाहेरची हवा घेते, त्यासाठी अधूनमधून वर येते, म्हणून तिची जागा सापडते. शेवाळ आणि बुडालेली झुडपं असलेल्या कोपऱ्यांत बघा. पण पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा हलणारा पुंजका दिसला तर गळ टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि त्या दिवसांत ती आमिष खायला कमी, हाकलायला जास्त येतात. तसा मासा सहज लागतो हे खरं. पण मोठं मासं काढलं की तो पुंजका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो.

महसीर लागला तर?

आधी अभिनंदन, मग सोडून द्या. दख्खनी महसीर हा आपल्या कृष्णा-भीमा खोऱ्यांतला मासा, कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. धरणांनी त्याच्या चढण्या-उतरण्याच्या वाटा अडवल्या आणि नद्यांतून तो विरळ झाला. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्लं देशभर पाठवली जातात. महाडजवळ वाळण कोंडीत तो देवीचा मासा म्हणून कुणी मारत नाही. नदीतला मोठा मासा कसा दिसतो ते पाहायचं असेल तर तिथं जाऊन कुरमुरे टाका.

सोडायची रीत अशी. हात ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेत बुरशी शिरते. कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. गळाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवला असेल तर तो सहज निघतो. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच धरून काढा. मग त्याला सरळ धरून ठेवा, स्वतःच्या बळानं निघून जाईपर्यंत.

शिंगाळ्याबाबत उलटी काळजी. त्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे ताठ असतात, हाताला घुसले की रात्रभर ठणकतं. तो फडक्यात धरा.

नुसतं चालायचं आहे. धरणाला पूर्ण वळसा घालता येतो का?

एका दिवसात नाही, आणि अखंड वाटही नाही. पाणी नदीच्या खोऱ्यात बलकवडीकडे लांब शिरलंय, मध्ये ओढ्यांचे फाटे आहेत. नकाशावर जवळ दिसणारं पलीकडचं टोक गाठायला फाट्याच्या तोंडापर्यंत आत जाऊन परत बाहेर यावं लागतं. धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाऊ म्हणाल तर तिथं मनाई आहे. चौकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका, तो त्याची नोकरी करतो.

चालायला चांगला टापू म्हणजे गावाच्या वाटेनं काठाला उतरायचं, पाण्याच्या कडेनं पश्चिमेकडे दोन-तीन तास जायचं आणि वरच्या डांबरी रस्त्यानं परत यायचं. उजवीकडे-डावीकडे डोंगर सोबत असतात, पाचगणीच्या पठाराची कड दिवसभर दिसते. वरून सिडने पॉइंटवरून धोमचं निळं पाणी पाहणारे पर्यटक हजारो. खाली उतरून त्या पाण्याशेजारी चालणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

चिखलाची काळजी घ्या. पाणी नुकतंच उतरलेल्या जागी वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली गाळ गुडघाभर असतो. भेगा पडलेली, पांढरट जमीन भरवशाची. काळपट, चकाकणारी जमीन नाही. शंका आली तर गुरांच्या खुरांचे ठसे बघा. म्हैस जिथून गेली तिथून तुम्ही जाल.

पाणी उतरल्यावर काठावर पिकं दिसतात. ती कुणाची? मधून गेलं तर चालतं का?

ती गाळपेर. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत धरण खात्याकडून ठरावीक मुदतीनं घेऊन पिकं घेतात. गाळाची जमीन, ओल टिकून, खताचा खर्च कमी. हंगाम मात्र पाणी परत चढेपर्यंतचा. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्या घरांतली माणसंही यात असतात. आजोबांच्या शेतातच गाळपेर करणारा माणूस तुम्हाला इथं भेटू शकतो, फक्त आता ती जमीन त्याला वर्षातले काही महिने आणि भाड्यानं मिळते.

त्यामुळं पिकातून जायचं नाही, बांधावरून जायचं. बांध नसेल तर पाण्याच्या अगदी कडेनं किंवा पूर्ण वरून. हरभरा उपटून खायची हौस असेल तर आधी हाक मारा. मागितला तर ओंजळभर हरभरा मिळतो, वर चहाही. न विचारता उपटलात तर काय मिळतं ते सांगायला नको.

कमळगड धोमच्या चालण्यात जोडता येईल का?

येईल, पण दिवस वेगळा ठेवा. वासोळे किंवा नांदगणेकडून वर चढतात, वाट जंगलातून जाते, माथ्यावर कातळात कोरलेली, पायऱ्या उतरत खोल जाणारी गेरूची विहीर आहे. तिच्या लाल भिंतींचा गारवा मे महिन्यातही सुखावतो. मासे धरून झाल्यावर दुपारी चढू म्हणणारे मी पाहिलेत, ते अंधारात उतरतात. त्या बाजूला गवे आहेत, संध्याकाळी वाटेवर येतात. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, फोटोसाठी पुढं जाऊ नका. आग्या मोहोळाखाली धूर, सिगारेट, अत्तर काही नको.

पक्षी कोणते दिसतात?

हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या हमखास, पट्टकादंब हंसांचे थवे काही वर्षी येतात, काही वर्षी नाहीत. वर्षभर पाणकावळे, राखी बगळे, हळदी-कुंकू बदकं, आणि पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा कवड्या खंड्या. हा खंड्या ज्या कोपऱ्यात सारखा सूर मारतोय तिथं बारीक मासा आहे, गळवाल्यांनी समजून घ्यावं. उन्हाळ्यात चालताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर जागीच थांबून पायाखाली बघा. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून गेलेली असतात. मागं फिरा.

साप, मगरी?

मगरींची भीती सांगलीकडची. भिलवडी, औदुंबर, अंकली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झालेत. तिकडं गळ टाकायला जाणार असाल तर पाण्यात पाय सोडून बसू नका आणि मासा धुवायला वाकू नका. धोमवर मला मगर कधी दिसलेली नाही.

साप मात्र आहेत. काठच्या दगडांत आणि वाळक्या गवतात घोणस आणि फुरसं असू शकतं, पाण्यात दिसतो तो बहुतेक वेळा बिनविषारी दिवड. बूट घाला, दगड उचलताना बघा, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय हिंडू नका. चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक यातलं काही न करता माणसाला शांत ठेवून थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळं साप मारून सोबत न्यायची गरज नसते.

पोहता येईल का?

नाही. काठ एकसारखा उतरत नाही. खाली जुन्या विहिरी, ताली, झाडांचे बुंधे बुडालेले आहेत आणि गाळात पाय अडकतो. पट्टीचे पोहणारेही धरणांत बुडाले आहेत. भिंतीजवळ आणि सांडव्याच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर उतरूच नका. भोंगा वाजला तर सामान गोळा करत बसू नका, आधी वर चढा.

वळवाच्या पावसात गळ टाकला तर मासा जास्त लागतो म्हणतात?

लागतो म्हणतात. पण एप्रिल-मेच्या दुपारी ढग काळे व्हायला लागले की उघड्या काठावर सगळ्यात उंच वस्तू तुमचा रॉड असतो. कार्बन किंवा ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज उत्तम वाहते. पहिला गडगडाट ऐकला की रॉड आडवा ठेवून काठ सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका. परतीच्या पावसातही हेच.

मासा लागला नाही तर विकत मिळतो का?

सकाळी जाळी निघतात तेव्हा काठावर मिळतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी घरी नेलेला ‘आम्ही धरलेला’ मासा तोच असतो. कल्ले लालभडक, डोळे भरलेले, अंग दाबल्यावर बोटाचा खळगा राहत नाही, असा बघून घ्या. भाव करताना जरा मनाला विचारा, तो माणूस पहाटे चारला थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पाण्यात गेलेला असतो.

चिलापी तळायला चांगली, काटेही कमी. हळद, मीठ, कोकम किंवा लिंबू लावून अर्धा तास ठेवा आणि तांदळाच्या पिठात घोळवा. कटल्या-रोहूचं कालवण आपल्याकडं सुकं खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण मसाल्याचं. ओलं खोबरं घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ते कोकणात.

घरच्यांना माशांत रस नाही. त्यांनी काय करायचं?

धोम गावात नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. दगडी कासवाच्या पाठीवर उभा केलेला नंदीमंडप निवांत बघण्यासारखा. खाली मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, तिथली मोठी घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी. वाईत ढोल्या गणपती. तुमची काठी हलेपर्यंत त्यांचं हे सगळं बघून होईल.

धोमऐवजी कोयना, कण्हेर, उरमोडी?

कण्हेर आणि उरमोडी साताऱ्याहून जवळ. उरमोडीला सज्जनगड आणि ठोसेघर जोडता येतात, आणि चालायला तो काठ धोमपेक्षा निवांत आहे. विचारपूस मात्र तशीच करावी लागते. कोयनेचा शिवसागर वेगळा विषय. साठवण १०५ टीएमसीच्या वर, आणि त्याचा बराच काठ अभयारण्याच्या आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. तिथं गळ बाहेरच काढू नका. बामणोलीहून वन खात्याची परवानगी घेऊन लाँचनं वासोट्याला जा, तेवढ्यानं भागवा. चांदोलीलाही तोच नियम.

घरच्या काचेच्या टाकीतले मासे मोठे झालेत. धरणात सोडले तर पुण्य लागेल का?

लागणार नाही. उजनीत आज जाळ्यात येणारा तो काळा, खडबडीत, कुणी न खाणारा ‘हेलिकॉप्टर’ मासा असाच टाक्यांतून आलेला आहे. विदेशी मांगूरवर तर २००० सालापासून बंदी आहे, तो इतर मासे खाऊन टाकतो. दुकानदाराला परत द्या, ओळखीच्यांना द्या, पण पाण्यात सोडू नका.

यायचं कसं?

पुण्याहून महामार्गानं सुरूर फाटा, साताऱ्याहून पाचवड फाटा, दोन्हीकडून वाई. वाईहून धोम आठ-दहा किलोमीटर. एसटी आहे, पण परतीची शेवटची गाडी कधी ते सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. काठावर गाडी घालू नका, गाळात रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला त्या दिवशी भाव करत नाही.

तंबू लावून मुक्काम?

उघड्या काठावर आणि गाळपेरीत नको. गावात विचारलं तर अंगणात जागा आणि पिठलं-भाकरी मिळते. रात्री काठावर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांमुळं गावं आता सगळ्याच तंबूवाल्यांकडे संशयानं बघतात, त्यात त्यांची चूक नाही.

कुत्रं आणलं तर चालेल?

दोरीला असेल तर. पाणी उतरलेल्या माळावर धनगरांचे कळप बसलेले असतात आणि त्यांची कुत्री कामावर असतात. कळप दिसला की लांबून हाक द्या, मेंढपाळ कुठल्या बाजूनं जायला सांगतो ते ऐका आणि वरच्या अंगानं वळसा घालून जा.